पांढऱ्या मातीची पायवाट

आमच्याकडे पाहुणे आले आणि चहाला उकळी येईपर्यंत बोलणं संपलं, की बायको आतून आवाज देते, "त्यायले थे तुमची दोरीची गोष्ट सांगा ना." मी सांगायला लागतो. तिसऱ्या वाक्याला ती चहा घेऊन बाहेर येते आणि तिथून पुढे गोष्ट तिची होते. मी कुठे उभा होतो, काय बोललो, किती वेळ गप्प होतो, हे सगळं ती तिथे नसतानाही मलाच सांगते. बरं, ऐकताना तिचंच खरं वाटतं. मग मला कळेनासं होतं की झालं होतं काय. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. लिहिताना ती निदान स्वयंपाकघरात असते.

मी वनखात्यात मुकादम होतो. मुकादमाचं काम म्हणजे साहेब सांगतात ते बायांना सांगायचं आणि बाया म्हणतात ते साहेबांना सांगायचं नाही. हे काम मी पंचवीस वर्षं बिनचूक केलं.

केनवडच्या अंगाला आमच्या खात्याची एक टेकडी आहे. साग, पळस, थोडे हिवर, पायथ्याला तलाव. काही वर्षांपूर्वी तिला उद्यान म्हणायचं ठरलं. म्हणजे फाटक लागलं, फाटकाशी सिमेंटची दोन हरणं बसली आणि वर मनोऱ्यापर्यंत पायवाट निघाली. रविवारी रिसोडहून माणसं येतात, चढतात, धापा टाकतात, फोटो काढतात, उतरतात. दर पावसाळ्यात ही पायवाट ओघळींनी वाहून जाते आणि दर दिवाळीनंतर आम्ही ती परत जागेवर आणून ठेवतो. ओघळ भरायची, धुम्मसानं ठोकायची, कडेनं पाण्याला चर काढायचा. यात न समजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

काम करणाऱ्या सहाजणी. सगळ्या पायथ्याच्या गावच्या. दोघी माळ्याच्या घरच्या, भाजीचं रान सांभाळून येणाऱ्या. चौघी बौद्ध मोहल्ल्यातल्या. त्यांतली वयानं सर्वांत मोठी, जिला मी मावशी म्हणतो आणि जी मला भाऊ म्हणते, तीच खरी मुकादम. मी फक्त शिट्टी वाजवायचो. सोयाबीन निघालं की आमच्याकडे बायांच्या हाताला काम उरत नाही. हरभरा आपला आपण वाढतो. मग पहाटे जीपमध्ये कोंबून घेऊन दूर कुठे कापूस वेचायला जावं लागतं. उद्यानाचं काम म्हणजे घरून चालत यायचं आणि दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन म्हशीला पाणी दाखवून परत यायचं. त्यामुळे या दोन-अडीच महिन्यांच्या कामाला त्या फार जपायच्या. मावशी तर दसऱ्यापासूनच विचारायला लागायची, "भाऊ, औंदा वाहून गेली ना जी वाट? बरोबर गेली ना?"

त्या वर्षी चांगली गेली. आणि नेमक्या त्याच वर्षी पुरातत्त्वाच्या मॅडम आल्या.

आल्या त्या दिवशी मी त्यांना ओळखलंच नाही. पायवाटेच्या वळणावर एक बाई टोपी घालून, उकिडव्या बसून जमिनीकडे पाहत होत्या. दहा मिनिटं झाली तरी उठेनात. मला वाटलं कानातलं पडलं. मीही शेजारी बसून शोधायला लागलो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही दिसतंय का?"

मी म्हटलं, "नाही. सोन्याचं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातल्या छोट्या थापीनं मातीवरून फुंकर घातल्यासारखी एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "ही भिंत आहे."

मी पाहिलं. विटांची एक ओळ होती, जमिनीला समांतर. या ओळीला दरवर्षी माझी ठेच लागायची. तिला भिंत म्हणतात हे मला माहीत नव्हतं. पलीकडे झुडपात चार-पाच दगड होते, त्यांतल्या एकावर घोडेस्वार कोरलेला. त्यावर आमच्या बाया डबे ठेवायच्या, कारण तो सावलीत असायचा. मॅडमनी डबे खाली ठेवायला लावले.

"किती जुनं असंल, मॅडम?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही."

"म्हणजे आजोबांच्या काळचं, की त्याच्याही..."

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या माणसाला सांगता येत नाही याचं मला वाईट वाटलं.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावून माझ्या हातात पत्र दिलं. पायवाटेच्या दुरुस्तीत जुन्या अवशेषांना बाधा पोहोचू नये. वळणापासून वर कोणतंही वाहन नेऊ नये. बाधा पोहोचल्यास काम तात्काळ बंद करून त्यावरील मजूर कमी करण्यात येतील. जबाबदारी मुकादमाची. मी सही केली. सही माझी चांगली आहे. वाचणाऱ्याला वाटतं, माणसाला सगळं समजलंय.

मी बायांना पत्र वाचून दाखवलं. मजूर कमी करण्याच्या ओळीवर मावशीनं मला थांबवलं. "थे पुन्हा वाचा बरं." मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "म्हंजे गोट्याले हात लागला का आमी घरी?"

"हाव."

"आन तुमी?"

ते पत्रात नव्हतं. मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

मॅडमनी स्वतः येऊन खुंट्या ठोकल्या आणि विटांच्या ओळीभोवती, दगडांभोवती पिवळी दोरी बांधली. मला समजावून सांगितलं: दोरीच्या आत पाय टाकायचा नाही, टिकाव लावायचा नाही, कचरासुद्धा उचलायचा नाही. आणि दोरीच्या बाहेरही काही वेगळं दिसलं तर थांबायचं, फोटो काढून पाठवायचा. यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. बायको म्हणते ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं, पण दोरी पाहून माझं मन दोरीतच अडकलं. दोरी कशी स्पष्ट असते. आत म्हणजे आत, बाहेर म्हणजे बाहेर. पंचवीस वर्षांत खात्यानं मला इतकी स्पष्ट गोष्ट दिली नव्हती.

मग मी जपायला लागलो. जपलं म्हणजे किती! एका शाळेची सहल आली, तर मुलांना दोरीपासून दहा हात लांब एका रांगेत बसवलं आणि गुरुजी जवळ जाऊन फोटो काढायला लागले तशी शिट्टी मारली. गुरुजी दचकून मागे सरले आणि चरात पडले. एक बकरी आत शिरली, तिला बाहेर काढायला आत जावं की नाही हे मला ठरवता येईना. अर्धा तास बाहेरून "हुर्र हुर्र" करत बसलो. बायको एकदा घोडेस्वार पाहायला आली. दुरून पाहून म्हणाली, "हा तं शेलूबाजारच्या आमच्या मामासारखा दिसते." तिचं माहेर शेलूबाजारचं. मी तिला हळू बोलायला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

आणि डोक्यात जुन्याचं खूळ शिरलं. घरी न्हाणीजवळची वीट मला संशयास्पद वाटायला लागली. बायकोच्या पाट्याचा फोटो काढून मी मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हा वापरात आहे का?" मी लिहिलं, "रोज." त्यांनी लिहिलं, "मग वापरा." बायको तीन दिवस चटणी वाटताना मला हाक मारायची, "वाटू ना जी? का मॅडमले विचारता?"

इकडे कामाची अडचण झाली. दरवर्षी मुरूम ट्रॅक्टरनं वळणापर्यंत जायचा. आता वाहन वर न्यायचं नाही म्हटल्यावर तो फाटकाशीच पडला, आणि बायांना घमेलं डोक्यावर घेऊन टेकडी चढावी लागायला लागली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी घमेलं उतरवून मानेला हात लावून बसली.

"भाऊ, तुमच्या मॅडम दगडाले जपून राह्यल्या. आमच्या मानेले कोन जपन?"

बाकीच्या हसल्या, पण उठल्या नाहीत. माळ्याघरची एक म्हणाली, "असंच चाललं तं वाट होईपर्यंत दुसरा पावसाळा येते."

मला खरंच वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला अक्कल सुचते, हा माझा जुना दोष आहे.

वळणाच्या पलीकडे पन्नास पावलांवर एक उंचवटा आहे. गवतही धड उगवत नाही असा, पांढुरका. तिथली माती मऊ, पिठासारखी. ती पाहून मला आमचं लहानपणीचं घर आठवलं. धाब्याचं घर. पाऊस सुरू व्हायच्या आधी दरवर्षी बाप बैलगाडीनं गावाबाहेरच्या उंचवट्यावरून पांढरी माती आणायचा आणि आम्ही ती धाब्यावर टाकून तुडवायचो. ही माती अशी घट्ट बसते की पाणी वरच्या वर घसरून जातं. मुरूम तिच्यापुढे काही नाही. मुरूम पाणी पितो, मग फुगतो, मग वाहतो. इतकी वर्षं आपण पायवाटेला मुरूम का घालत होतो, हेच मला कळेना.

मी बायांना म्हटलं, "चला, पांढरी माती काढू. पन्नास पावलांचं काम."

पाच जणी लगेच उठल्या. मावशी बसून राहिली.

"थे जुनी पांढरी हाय, भाऊ."

"म्हणून तं चांगली."

"तठी मनी सापडते. आमी ल्हान होतो तं पाऊस झाला का तठी मनी वेचाले जाओ. लाल, काळे. मायनं एक दोऱ्यात ओवून देल्ला होता मले."

"मणी काय, सगळीकडेच सापडतात. बाजारात जाता-येता कोणाची पोत तुटली असंल."

"टेकडीवर बाजार कायचा?" ती म्हणाली. "त्या बाईले विचारून तं पाहा. इच्यारायले काय जाते?"

मी हसलो. तिला दोरी दाखवली. "दोरी कुठं आहे? इथं आहे. तिथं दोरी आहे का?"

"नाई."

"मग?"

मी जिंकल्यासारखे हात झटकले. मी तेव्हा कसा दिसत असेन, ते आठवून अजून मला पायरीवर ठेच लागल्यासारखं होतं. ती उठली, पदर खोचला, म्हणाली, "तुमी म्हन्ता तं काढू," आणि फावडं घेतलं.

चार दिवसांत पायवाट अशी झाली की काय सांगू. माती काढताना खापरांचे तुकडे खूप निघत होते. मी म्हटलं, टाकू नका. ओघळीच्या तळाशी आधी खापरं अंथरायची, म्हणजे पाणी झिरपून जाईल. त्यावर माती, वरून पाण्याचा शिडकावा आणि धुम्मस. लाल खापरं, काळी चकचकीत खापरं, एखाद्या भांड्याचा अख्खा काठ. काठ मी स्वतः फोडला, नीट बसेना म्हणून. वरून ती पांढरी पट्टी उन्हात चमकायला लागली. मी तिचे फोटो काढले. बायकोला दाखवले. तिनं चक्क कौतुक केलं, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं. या सगळ्या वेळात दोरीच्या आत एक पानसुद्धा हललं नाही.

पाचव्या दिवशी साहेब आणि मॅडम पाहणीला आले. मॅडम दोरीपाशी थांबल्या, खुंट्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "फार चांगलं सांभाळलंत." साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मावशी लांबून बघत होती; तिचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, झालं. पार पडलं.

मग मॅडम दोन पावलं वर चढल्या आणि त्यांचा पाय पांढऱ्या मातीवर पडला. त्या थांबल्या. पुन्हा तशाच उकिडव्या बसल्या. यावेळी मला कानातल्याचा विचार आला नाही. त्यांनी नखानं माती उकरली आणि काहीतरी बोटांत धरलं. मसुराएवढा लाल मणी.

"ही माती कुठून आणली?"

साहेब माझ्याकडे वळले. "कुठून आणली?"

मी हात केला. हात असा केला की त्यात उंचवटा, मनोरा, सागाची झाडं आणि बरंचसं आभाळ येईल. पण मॅडम बरोबर उंचवट्याकडेच गेल्या. आम्ही मागोमाग. तिथे आमचा खड्डा होता. खड्डाही मी नेटका काढून घेतला होता, एक बाजू उभी, सरळ, सुरीनं कापल्यासारखी. त्या उभ्या कडेकडे मॅडम पाहत राहिल्या. मीही पाहिलं. चार दिवस तिथे वावरलो, पण तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या कडेत पट्टे होते. राखेचा पट्टा, मग तांबूस, मग शेणानं सारवल्यासारखी बारीक रेघ, परत राख. खाली एक गाडगं अर्धं मातीत होतं. उरलेलं अर्धं आमच्या पायवाटेत असणार.

"माती पांढरी कशानं झाली असेल, वाटतं?" मॅडमनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "जातच तशी असते तिची."

"चुलींच्या राखेनं," त्या म्हणाल्या. "पडलेल्या भिंतींच्या मातीनं. शेणानं. माणसं राहिली, घर पडलं, त्यावरच परत राहिली. ते दगड आणि वीट म्हणजे फक्त दिसणारं टोक होतं. गाव इथे होतं."

मनात आलं ते असं की, मग आमच्या बापानं बैलगाडीनं आणलं ते काय होतं? आम्ही कोणाच्या चुलीखाली झोपत होतो? आणि धाबा गळला की आई ज्या मातीला शिव्या द्यायची, ती... इतक्यात साहेबांचा आवाज आला.

"इथं खणायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. बायको हे मान्य करत नाही, पण ती तिथे नव्हती. तोंड उघडलं आणि त्यातून शब्द यायच्या आत मावशी पुढे झाली.

"आमीच काढली, साहेब. मुरूम लय दूर पडे."

घरी गोष्ट सांगताना मी इथे पाणी मागतो. कारण पुढे जे झालं ते म्हणजे मी गप्प राहिलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्या गाडग्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "उद्यापासून या बाया नकोत. पत्रात लिहिलंच आहे." मॅडम खड्ड्यातच होत्या, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. सहाजणींनी डबे उचलले. फावडी, घमेली ओळीनं झाडाखाली ठेवली, एकीत एक बसवून, रोजच्यासारखी. आणि उतरायला लागल्या.

मी फाटकापर्यंत मागे मागे गेलो.

"मावशी, काहून म्हणली तू असं?"

"मंग काय म्हनू? तुमी गेले तं दुसरा येईन. थो मशीन आनन, एका दिवसात वाट करन. तुमी राह्यले तं म्होरच्या साली बोलवान तरी."

मी म्हटलं, "पण खोटं बोलली ना तू."

"खोटं कायचं?" ती थांबली. "काढली तं आमीच. तुमी तं उभे होते."

तिनं मला वाचवलं, की पुढच्या वर्षीची सोय केली, की टोमणा मारला, मला अजून उलगडलेलं नाही. तिन्हींचं मिळून काहीतरी असेल. माळ्याघरची दुसरी मागे वळून म्हणाली, "जाऊ द्या जी भाऊ, कापसाची जीप उद्या येते," तेव्हा ती माझी समजूत घालत होती. कमी त्यांना केलं होतं आणि समजूत माझी घालत होत्या.

घरी आलो. बायकोनं विचारलं काय झालं. सांगितलं.

"मंग तुमी काय म्हन्ले?"

"काही नाही."

"काईच नाई?"

"मान हलवली."

"कोनीकडे?"

मला आठवेना. खरंच आठवेना. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, की नुसती माशी बसली म्हणून. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा बाप भाजी घेऊन आठवडी बाजार करायचा, तीही लहानपणापासून बाजारात बसलेली. समोरचा माणूस कुठे अडखळतो ते तिला लगेच कळतं. ती म्हणाली, "त्या मावशीनं विचारा म्हनून सांगितलं होतं ना तुमाले?"

हे मी तिला का सांगितलं होतं, देव जाणे.

"सांगितलं होतं."

"मंग हे बी लिहा. मले नोका सांगू, साहेबाले लिहून द्या."

सकाळी चहाच्या आधी मी खुलासा लिहायला बसलो. पहिल्या कागदात माती जणू स्वतःच उठून रस्त्यावर जाऊन बसली होती. बायकोनं वाचला आणि त्यावर पातेलं ठेवलं. दुसऱ्या कागदात मी इतका दोष घेतला की ट्रॅक्टर बंद करणाराही मीच ठरलो. तिसऱ्यात एवढंच लिहिलं: माती कुठून काढायची हे मी सांगितलं. मजूर बाईनं जागा जुनी आहे, विचारा, असं सांगितलं होतं. मी विचारलं नाही. मजुरांचा दोष नाही. खाली सही केली. या वेळी ती वेडीवाकडी आली.

रिसोडला कचेरीत साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, उघडला, परत वाचला. "हे दिलं नसतं तर चाललं असतं," ते म्हणाले. "प्रकरण मिटलं होतं. आता मला तुझ्यावर काहीतरी करावं लागेल." ते माझ्यावर चिडले होते, पण चूक केल्याबद्दल नव्हे, सांगितल्याबद्दल. मी माफी मागितली. नेमकी कशाची, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मॅडम तिथेच नकाशा पसरून बसल्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला. मला वाटलं, आता खरं ऐकावं लागणार. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "पहिल्या दिवशी खड्ड्याच्या कोणत्या बाजूनं सुरुवात केली, आठवतं का?"

"माझी चूक झाली, मॅडम."

"ते झालं हो. कोणती बाजू?"

मी साहेबांकडे पाहिलं. मॅडम सांगायला लागल्या. ती माती परत जागेवर ठेवता येत नाही. पट्टे मोडले ते मोडले. पण वाटेतली माती काढून चाळली, खापरं, मणी वेगळे केले, आणि कोणत्या दिवशीची माती खड्ड्यातल्या कोणत्या जागेची आणि ओघळीत कुठे पडली एवढं जरी कळलं, तरी थोडंफार हाती लागेल. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "ज्यांनी काढली त्यांनाच तुम्ही घरी पाठवलंत, तर मला हे सांगणार कोण?"

"पण पत्रात लिहिलंय, बाधा पोहोचल्यास मजूर कमी करावेत."

"आणि हा माणूस लिहून देतोय की बाधा त्याच्यामुळे पोहोचली."

साहेबांनी ते पत्र आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी माझाच भाव होता. मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

शेवटी बाया परत रोजावर आल्या, चाळायला. पायवाट त्या वर्षी तिथून वळवून दुसऱ्या अंगानं न्यायची ठरली, मुरूम घालून. मुकादमी माझ्याकडून काढली आणि मला पायथ्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरायला बसवलं. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती. पहिला दिवस मी एकही पिशवी भरली नाही. प्रत्येक फावड्याला थांबून बघायचो. मातीत खडा निघाला तरी तो घेऊन रोपवाटिकेच्या माळ्याकडे जायचो. त्यानं दुपारी हात जोडले.

आठवड्याभरानं मॅडमनी मला वर बोलावलं. खड्ड्याच्या काठावर सहाजणी आणि मी. प्रत्येकानं आठवून दाखवायचं, कोणत्या दिवशी कुठून माती काढली. वाद असा पेटला की विचारू नका. मावशी म्हणे, पहिल्या दिवशी बोरीच्या बाजूनं, कारण डबा तिथे सावलीत ठेवला होता. दुसरी म्हणे, त्या दिवशी आपण डबाच आणला नव्हता, भाकर फडक्यात होती. तिसरी म्हणे, काटा रुतला तो तिसरा दिवस आणि काटा इथेच रुतला. "दाखव पाय." तिनं पाय दाखवला. मॅडम सगळं लिहून घेत होत्या, पायाचंसुद्धा. मग त्या माझ्याकडे वळल्या.

मी खूप आठवून पाहिलं. मी चारही दिवस तिथेच होतो. पण मला आठवत होत्या त्या फक्त खुंट्या, पिवळी दोरी आणि दोरीपलीकडचा घोडेस्वार.

मावशीच म्हणाली, "भाऊले काय विचारता, मॅडम? थे तं पाठ करून उभे राहत. दोरीची राखन करून राह्यले होते."

मॅडमनी तेही लिहिलं. वहीत वाकून पाहायचं धाडस मला झालं नाही. चूक म्हणून लिहिलं की नुसती माहिती म्हणून, कळायला मार्ग नाही.

मी परत खाली जायला निघालो. बाया चाळण्यांपाशी जाऊन बसल्या. दोघी दोघींत एक चाळणी, खाली गोणपाट, बाजूला मण्यांसाठी स्टीलची वाटी. पायवाटेचा जेमतेम हातभर तुकडा उकरून झाला होता. बाकी सगळी पांढरी पट्टी, माझ्या धुम्मसानं दगडासारखी बसवलेली, वर मनोऱ्याकडे तशीच गेलेली होती. माळ्याघरच्या एकीनं मॅडमना विचारलं, "एवढं सारं चाळाले किती दिवस लागन, बाई?"

"लागतील तेवढे लागू देत," मॅडम म्हणाल्या. "या कामाला घाई चालत नाही. एकही मणी निसटता कामा नये."

मावशीनं हे ऐकलं. आणि चाळणी जरा हळू हलवायला लागली.